सारग्राहित्व आणि संकर : गोमंतक व मुंबई येथील वास्तूंच्या आधारे एक विचार

१. संज्ञेचा विचार

कलेच्या आणि संस्कृतीच्या इतिहासात 'एक्लेक्टिक' ह्या विशेषणाइतका दोन तोंडांनी बोलणारा शब्द क्वचितच आढळेल. अनेक परंपरांतून घेतलेले घटक ज्या कृतीत एकत्र आलेले असतात, तिला हे विशेषण लावण्यात येते. परंतु एका ग्रंथकाराच्या लेखणीतून ते गौरवासाठी उतरते, तर दुसऱ्याच्या लेखणीतून दूषणासाठी. एकाच वास्तूला एक अभ्यासक 'दोन संस्कृतींचा सुंदर संगम' म्हणतो आणि दुसरा 'उसन्या अलंकारांचे प्रदर्शन' म्हणतो. आणि दोघेही बोट दाखवितात ते त्याच घुमटाकडे व त्याच कमानीकडे. ज्या शब्दाने स्तुती आणि निंदा दोन्ही साधतात, त्या शब्दामागील कसोटी स्पष्ट झालेली नाही, असेच मानणे भाग आहे. ती कसोटी कोणती असावी ह्याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'निवडून घेणे', 'वेचणे' असा आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील चरित्रकार डायोजिनीझ लेअर्शियस ह्याने अलेक्झांड्रियाच्या पोटॅमॉन नामक तत्त्वज्ञाचा उल्लेख केला आहे. सर्व पंथांच्या मतांतून आपणांस पटेल तेवढे वेचून ह्या पोटॅमॉनने एक नवा पंथ स्थापिला, असे तो सांगतो. म्हणजे ही संज्ञा प्रथम तत्त्वज्ञानात अवतरली आणि तेथून पुष्कळ काळानंतर कलाविचारात आली. मराठीत तिच्यासाठी 'सारग्राहित्व' हा शब्द येथे योजिला आहे. त्या शब्दात 'सार' आहे, आणि सार घ्यावयाचे म्हणजे असार टाकावयाचे हे ओघानेच येते. निवडीच्या कल्पनेत त्याग अनुस्यूत आहे. नेमका हाच अंश 'संकर' किंवा 'मिश्रण' ह्या शब्दांत नाही.

हा भेद अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत दिदरो ह्याने फार रेखीवपणे मांडला. विश्वकोशाच्या १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या खंडातील आपल्या लेखात तो सारग्राही मनुष्याचे वर्णन स्वतंत्र बुद्धीचा मनुष्य असे करतो. परंपरा, प्राचीनता किंवा बहुमान्यता ह्यांपुढे न झुकता, स्वतःच्या अनुभवाला व विवेकाला पटेल तेवढेच जो स्वीकारतो, तो सारग्राही. त्याची गल्लत मतांची केवळ जुळवाजुळव करणाऱ्याशी करू नये, असा इशाराही दिदरो देतो. जुळवाजुळव करणाऱ्याला सर्वांना संतुष्ट करावयाचे असते. सारग्राही मनुष्याला सत्य हवे असते.

महाराष्ट्रीय वाचकाला हा भेद घरच्याच एका शब्दावरून उमगू शकेल. मधुकर म्हणजे भुंगा. अनेक फुलांतून थोडे थोडे घ्यावयाचे, ह्या साम्यावरून विद्यार्थ्याच्या अथवा संन्याशाच्या भिक्षेला 'मधुकरी' हे नाव पडले. परंतु साम्य तेथेच संपते. मधमाशीच्या पोळ्यात जो मध साठतो, त्यातून कोणत्या फुलाचा रस कोणता हे वेगळे काढता येत नाही. मधुकरीच्या झोळीत मात्र एका घरची भाकरी आणि दुसऱ्या घरचा भात शेजारी शेजारी पडलेले असतात. दोन्ही ठिकाणी गोळा करण्याची क्रिया एकच. फरक आहे तो घेतलेल्याचे पुढे काय होते ह्यात. कलेतील सारग्राहित्वाचा सगळा वाद ह्या फरकात साठविलेला आहे.

२. निवडीची प्रतिष्ठा आणि अप्रतिष्ठा

प्राचीनांना कलेतील निवड कमीपणाची वाटत नसे. क्रोटॉन नगरीसाठी हेलनचे चित्र काढताना झ्यूक्सिस ह्या ग्रीक चित्रकाराने पाच कुमारिका समोर ठेवल्या आणि प्रत्येकीच्या ठायी जे उत्तम होते तेवढे घेतले, ही कथा प्रसिद्ध आहे. सिसेरोने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या तरुणपणीच्या ग्रंथात ती सांगितली ती स्वतःच्या समर्थनार्थ : त्यानेही एकच गुरू न मानता अनेक ग्रंथकारांतील उत्तम भाग वेचला होता. भारतीय परंपरेत ह्या कथेला जवळची अशी तिलोत्तमेची कथा महाभारताच्या आदिपर्वात येते. सुंद आणि उपसुंद ह्यांच्या नाशासाठी विश्वकर्म्याने चराचरातील उत्तम ते तिळातिळाने गोळा करून तिची मूर्ती घडविली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तिलोत्तमेची घडण एका निश्चित कार्यासाठी झाली, आणि ती देवांच्या कारागिराने केली. हेतू आणि हात ह्या दोहोंचा उल्लेख कथेतच आहे; पुढील विवेचनात ह्या दोन गोष्टी पुनःपुन्हा येतील.

कलेतील निवडीची अप्रतिष्ठा सुरू झाली ती मुख्यतः बोलोन्या येथील काराच्ची चित्रकारांच्या निमित्ताने. लुदोव्हिको, आगोस्तिनो व आनिबाले ह्या तिघांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे चित्रशाळा चालविली. उत्तम चित्रकाराने एकापासून रेखन, दुसऱ्यापासून रंग, तिसऱ्यापासून भव्यता घ्यावी, अशा आशयाचे आगोस्तिनोच्या नावावरील एक सुनीत माल्वाझिया ह्या चरित्रकाराने १६७८ मध्ये छापले. पुढील दोन शतकांच्या टीकाकारांनी ह्या सुनीतालाच त्या चित्रशाळेचा जाहीरनामा मानून काराच्चींवर 'एक्लेक्टिक' हा शिक्का मारला. प्रतिभा म्हणजे स्वयंभू उत्स्फूर्तता, ही कल्पना जसजशी दृढ होत गेली, तसतसा तो शिक्का अधिक काळा होत गेला. डेनिस मेहन ह्या इंग्रज अभ्यासकाने १९४७ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, अशा ठरीव कृतीवर काराच्चींची चित्रकला उभी नव्हती. टीकाकारांनी एका सुनीतावरून चित्रे वाचली होती, चित्रांवरून चित्रे वाचली नव्हती. ही चूक इतर ठिकाणीही होत आली आहे. घटक कोठून आले ह्याची यादी तयार झाली की कृतीची परीक्षा झाली, असे समजण्याचा मोह अभ्यासकाला नेहमीच पडतो.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न चित्रकलेपेक्षा वास्तुकलेत तीव्र झाला. उत्खनने, प्रवास आणि मुद्रित चित्रसंग्रह ह्यांमुळे ग्रीक, रोमन, गॉथिक, इजिप्शियन अशा सर्व शैली युरोपीय वास्तुशिल्पज्ञाच्या मेजावर एकदमच येऊन पडल्या. 'आपण कोणत्या शैलीत बांधावे?' हा प्रश्नच हाइनरिख ह्यूब्श ह्या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने १८२८ साली आपल्या पुस्तिकेचे शीर्षक म्हणून वापरला. ह्या प्रश्नाचे रूप किती पोशाखी होऊ शकते, हे लंडनच्या परराष्ट्र कचेरीच्या प्रकरणाने दाखविले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्याने गॉथिक शैलीत आराखडा केला होता. पंतप्रधान पामर्स्टन ह्यांना तो रुचला नाही. तेव्हा त्याच स्कॉटने त्याच इमारतीसाठी इटालियन शैलीतील आराखडा सादर केला आणि १८६१ पासून इमारत त्याप्रमाणे उभी राहिली. आतील कचेरी तीच, वरील वेष तेवढा बदलला. जेथे शैली अशी सहज बदलता येते, तेथे निवड गरजेतून उद्भवलेली नसते, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याच्या उलट, निवड गरजेतून कशी उद्भवते हे पाहावयाचे असेल तर युरोपीय नमुना आणि एतद्देशीय कर्ता जेथे समोरासमोर आले, अशा एखाद्या स्थळाकडे वळले पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर असे स्थळ मुंबईच्याही पूर्वी गोमंतकात सापडते.

३. गोमंतकातील देवालये

पोर्तुगीज सत्तेखालील तिसवाडी, साष्टी व बारदेश ह्या भागांतील देवालये सोळाव्या शतकात पाडण्यात आली, तेव्हा भक्तांनी अनेक देवता सत्तेच्या सीमेपलीकडे नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळास आला; केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. ही नवी स्थाने अंत्रूज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात होती. तो प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती १७६३ पर्यंत स्थिरपणे आला नव्हता. कवळ्याचे आजचे देवालय छत्रपती शाहूंच्या कारकीर्दीत नारोराम मंत्री ह्यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास बांधले गेले. मंगेशीच्या वास्तूचे आजचे रूपही मुख्यतः अठराव्या शतकाचे आहे.

ही देवालये पाहणाऱ्याला पहिली गोष्ट जाणवते ती ही की, गर्भगृहावर नेहमीचे शिखर नाही. तेथे बहुकोनी मनोरा आहे, त्याच्या अंगावर भिंतीतून अर्धवट बाहेर आलेले खांब व गोल कमानींच्या खिडक्या आहेत, आणि त्यावर घुमट आहे. घुमटाच्या टोकाला कळस आहे. सभामंडपाच्या भिंतींवरील खिडक्यांची मांडणी, कठडे आणि आतील हंड्या-झुंबरे ही सर्व जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंची आठवण करून देतात. ज्या सत्तेने देवालये पाडली, तिच्याच प्रार्थनामंदिरांची भाषा नव्या देवालयांनी उचललेली दिसते. आणि ती उचलली गेली तेव्हा हा प्रदेश त्या सत्तेच्या आज्ञेत नव्हता. ही सक्तीची नक्कल म्हणता येत नाही.

तिला शरणागती म्हणावे की विजय? दोन्ही शब्द येथे लागू पडत नाहीत, हे एका तुलनेने स्पष्ट होईल. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणल्या व त्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकराच्या देवालयाची घंटा ह्यासाठी प्रसिद्ध आहे. ती घंटा विजयचिन्ह होय. तिचे परकेपण हेच तिचे महत्त्व, ते पुसले गेले तर तिचा अर्थ उणावेल. कवळे-मंगेशीचा घुमट तसा नाही. तो कोणाकडून जिंकून आणलेला नाही, आणि भाविकाला तो परका वाटावा अशी योजनाही नाही.

काय घेतले ह्याइतकेच काय सोडले हेही पाहिले पाहिजे. चर्चची दर्शनी भिंत, तिच्या दोन्ही बाजूंचे घंटामनोरे आणि क्रुसाकृती विधान ही घेतली गेली नाहीत. गर्भगृह, अंतराळ, सभामंडप हा क्रम तसाच राहिला. प्रदक्षिणेचा मार्ग राहिला. अंगणातील तुळशीवृंदावन, तळी व यात्रेकरूंच्या अग्रशाळा राहिल्या. देवालयासमोरील उंच दीपस्तंभाचे नाते घाटावरील दीपमाळेशी पोचते, आणि पावसाळी प्रदेशातील उतरती कौलारू छपरे तर ह्या भूमीचीच. सारांश, विधी जेथे घडतो तेथे परंपरा अभंग राहिली. आकाश आणि वास्तू जेथे भेटतात तेथे नवा आकार स्वीकारला गेला. चर्चबांधणीत मुरलेले गवंडी ह्याच भूमीतील होते. घुमट बांधण्याचे ज्ञान त्यांच्या हातात आलेलेच होते. यजमानाची श्रद्धा एक होती, कारागिराचे कौशल्य दुसरे होते, आणि त्या दोहोंच्या मेळातून ही वास्तू निघाली. ह्या घुमटाला उसना म्हणणे म्हणजे मधात फूल शोधण्यासारखे आहे.

४. मुंबई : नमुन्यांची झोळी आणि हाताचे काम

मुंबईची कथा वेगळ्या परिस्थितीत घडली. येथे यजमान राज्यकर्ता होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या कारकीर्दीत, १८६२ नंतर, किल्ल्याचे तट पाडण्याचे काम सुरू झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात अमाप पैसा आलेला होता. १८६५ साली तो फुगा फुटला, तरी मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहू लागली.

ह्या रांगेतील विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये व ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. आराखडे वर उल्लेखिलेल्या स्कॉटचेच. त्याने मुंबई कधी पाहिली नव्हती; रेखाटने लंडनहून आली. पैसा मात्र येथला : सभागृहासाठी कावसजी जहांगीर ह्यांनी आणि ग्रंथालय व मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद ह्यांनी दान दिले, आणि मनोऱ्याला प्रेमचंदांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या मूर्ती आहेत; त्यांची घडण राव बहादूर मुकुंद रामचंद्र ह्या साहाय्यक अभियंत्याकडे होती. युरोपीय गॉथिक मनोऱ्यावर जेथे संत उभे राहावयाचे, तेथे येथे आपापल्या पगड्या व वेष धारण केलेले एतद्देशीय लोक उभे आहेत. दोन प्रवृत्ती येथे एकाच दगडात दिसतात. प्रजेचे वर्गीकरण करून तिची जंत्री मांडण्याची राज्यकर्त्याची हौस एकीकडे; आणि आपल्या परिचयाचा चेहरा ओळखून घडविणाऱ्या माणसाचा हात दुसरीकडे.

हा हात कोठून आला, हे समजण्यासाठी १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेकडे पाहावे लागते. रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये तेथे वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून आले. विल्यम इमर्सनने आराखडलेल्या आणि १८६९ मध्ये पुऱ्या झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील उठाव-शिल्पे किपलिंग ह्यांची आहेत. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीत ह्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्याने आराखडलेली ती इमारत १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पुरी झाली. आज ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ह्या नावाने ओळखली जाते.

ह्या इमारतीचा मूळ साचा उत्तरमध्ययुगीन इटालियन गॉथिकचा आहे. तथापि २००४ मध्ये तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला तेव्हा तिचा दगडी घुमट, बुरूज, टोकदार कमानी व विलक्षण विधान ही भारतीय राजवाड्यांच्या परंपरेच्या जवळची असल्याचे नमूद करण्यात आले. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह व दुसरीकडे वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान, बसविले आहेत. घुमटाच्या माथ्यावर टॉमस अर्प ह्याने घडविलेली 'प्रगती'ची मूर्ती आहे. दर्शनी भिंतीवर जगन्नाथ शंकरशेट ह्यांची प्रतिमा आहे. खाली मोर, माकडे, पानाफुलांची नक्षी अशी सृष्टी दगडात उतरली आहे. माथ्यावरचा संदेश कोणी ठरविला आणि खालची पाने कोणी कोरली, हे ह्या मांडणीवरून सहज कळते. माथ्यावरील प्रतीक आज फारसे कोणी वाचीत नाही; खालच्या पानाफुलांतील जिवंतपणा मात्र टिकून आहे.

५. 'शुद्ध' नमुन्याचा भ्रम

१८५७ नंतरच्या काळात राज्यकर्त्यांत दुसरा एक विचार प्रबळ होऊ लागला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड नेपियर ह्यांनी १८७० साली एका व्याख्यानात, सरकारी इमारतींसाठी मुसलमानी वास्तुशैलीचा अवलंब करावा असे सुचविले. हिंदुस्थानातील पूर्वीच्या सत्तांचा वारसा आपल्याकडे आला आहे, हे इमारतींनी सांगावे, असा ह्या शैलीचा राजकीय आशय होता. तिला पुढे 'इंडो-सारासेनिक' हे नाव रूढ झाले. कोल्हापूरचा नवा राजवाडा व बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ह्यांचे आराखडे करणारा मेजर चार्ल्स मँट हा ह्या शैलीचा आरंभीचा एक प्रमुख पुरस्कर्ता होय.

ह्या चळवळीचे सर्वांत बोलके साधन म्हणजे सॅम्युएल स्विंटन जेकब ह्यांच्या देखरेखीखाली १८९० पासून निघालेला जयपूरचा चित्रसंग्रह. त्यात जुन्या इमारतींच्या अंगोपांगांची प्रमाणबद्ध रेखाटने आहेत. परंतु ती स्थळानुसार किंवा कालानुसार लावलेली नाहीत. जोती एका खंडात, खांब दुसऱ्यात, कमानी आणखी एका खंडात, ह्याप्रमाणे त्यांची मांडणी आहे, आणि पाने सुटी आहेत. वास्तुशिल्पज्ञाने हवे ते पान काढावे व वापरावे, ही सोय त्यात अभिप्रेत होती. कारागिरांच्या लोपत चाललेल्या विद्येची ती मोलाची नोंद आहे, ह्यात संशय नाही. पण ज्या इमारतीत तो खांब उभा होता, तिच्यापासून तो तेथे सुटा झाला, हेही तितकेच खरे. मधुकरीची झोळी ती हीच.

मुंबईत ही शैली उशिरा, विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावली. जॉन बेग ह्यांनी आराखडलेले मुख्य टपाल कार्यालय १९१३ मध्ये पुरे झाले. १९०४ साली हिंदुस्थानात आलेल्या जॉर्ज विटेट ह्यांनी प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालय, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, उभारले. त्याची कोनशिला १९०५ मध्ये बसली, इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, युद्धकाळात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये खुली झाली. टपाल कार्यालय व संग्रहालय ह्या दोहोंच्या घुमटांचा आदर्श विजापूरचा गोल घुमट होय. १९११ च्या राजभेटीच्या स्मरणार्थ विटेट ह्यांनीच योजिलेले आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी खुले झालेले गेट वे ऑफ इंडिया सोळाव्या शतकातील गुजराती वास्तुशैलीवर आधारलेले आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, विजापूर आणि अहमदाबाद ही दोन्ही नगरे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात होती. जयपूरच्या पानांसारखी ही कोठूनही उचललेली अंगे नव्हेत. इलाख्याच्या राजधानीने इलाख्याच्याच दोन जुन्या राजधान्यांकडे पाहिलेले आहे. दगडही आसपासचाच, कुर्ल्याचा व मालाडचा. शिवाय संग्रहालयात विटेट ह्यांनी नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतलेली लाकडी महिरपींची रचना बसविली. तिची प्रतिकृती करण्याऐवजी मूळ लाकूडकामच वास्तूच्या पोटात घेतले, आणि ते घुमटाखालच्या दालनात अशा रीतीने बसले की त्यावाचून ते दालन उघडे वाटावे. विटेट ह्यांच्या निवडीत म्हणून एक शिस्त दिसते.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. ज्या नमुन्यांकडे ह्या वास्तुशिल्पज्ञांनी 'मूळ' म्हणून पाहिले, ते नमुने तरी शुद्ध होते काय? अहमदाबाद १४११ मध्ये वसले आणि तेथील जामा मशीद १४२४ मध्ये पुरी झाली. तिच्या प्रार्थनागृहातील स्तंभांची दाटी, छताची रचना आणि कोरीव काम पाहिले, की गुजरातच्या देवालयांची विद्या जाणणाऱ्या पाथरवटांचा हात ओळखू येतो. विजापूरकडे इराण-तुर्कस्तानातून आलेली घुमटाची परंपरा दख्खनी दगडात आणि दख्खनी हातांनी पुढे गेली. मुहम्मद आदिलशहाच्या त्या समाधीचा सुमारे १२४ फूट व्यासाचा घुमट एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या ज्या योजनेवर तोललेला आहे, ती तर ह्या कारागिरीचे शिखरच होय. ज्या दरबारात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वती व गणपती ह्यांना वंदन केले, त्या दरबाराची वास्तुकला एकवंशी असण्याचा संभव मुळातच नव्हता. म्हणजे विटेट ह्यांनी ज्यांतून निवड केली ती स्वतः पूर्वीच्या निवडींची फळे होती. शुद्ध शैलींची मिश्रणे होतात ही समजूत त्यामुळे टिकत नाही. जुळून गेलेल्या मिश्रणाला काळाच्या ओघात 'शुद्ध शैली' म्हणण्यात येते, एवढेच फार तर म्हणता येईल.

६. निवडणारा बदलतो

मग विजापूरच्या पाथरवटांची निवड आणि इंडो-सारासेनिक निवड ह्यांत भेद काहीच नाही काय? भेद आहे, परंतु तो घटकांच्या उगमात नाही. राज्यकर्त्याने केलेल्या निवडीत ज्यांची परंपरा निवडली जात होती, त्यांना मत नव्हते. भिंतीवरील मूर्ती कोणाच्या असाव्यात, घुमट कोणत्या काळचा असावा, हे त्यांच्यासाठी दुसऱ्याने ठरविले. वास्तू सुंदर झाली तरी हे न्यून तिच्या जन्मातच राहिले.

ह्याची जाणीव १९३० नंतरच्या मुंबईतील इमारतींनी अधिक स्पष्ट होते. काँक्रीटच्या नव्या तंत्राबरोबर 'आर्ट डेको' ही शैली पश्चिमेकडून आली. उगमाने ती गॉथिकइतकीच परकी. परंतु आता इमारतींचे मालक, वास्तुशिल्पज्ञ आणि शिल्पकार पुष्कळ अंशी भारतीय होते. १९१९ मध्ये दोराबजी टाटा ह्यांनी स्थापिलेल्या न्यू इंडिया ॲश्युअरन्स कंपनीच्या १९३६ मधील इमारतीचे वास्तुशिल्पज्ञ मास्टर, साठे आणि भुता हे होत. तिच्या दर्शनी भागावरील शिल्पे ना. ग. पानसरे ह्यांची आहेत. त्यांत श्रम करणारी, ग्रामीण जीवनातील माणसे भव्य आकारात आली आहेत. राजाबाई मनोऱ्यावरील मूर्तींशी त्यांची तुलना उद्बोधक ठरेल. दोन्हीकडे परक्या शैलीच्या इमारतीवर येथील माणसे आहेत. परंतु पहिल्या ठिकाणी ती जात आणि वेष ह्यांनी ओळखावयाची आहेत, दुसऱ्या ठिकाणी कामाने. पहिली प्रजेची जंत्री आहे. दुसरीत एका होऊ घातलेल्या राष्ट्राने स्वतःविषयी केलेले विधान आहे. गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या ह्या दोन रांगांचा २०१८ मध्ये एकत्रितपणे जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

निवडीचा हक्क बांधणाऱ्यापाशीच संपत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्या कमानीखालून राजसत्तेने प्रवेश करावयाचा, त्या गेट वे ऑफ इंडियातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण बाहेर पडली. कमानीचा एक दगडही हलला नाही, पण तिचा अर्थ उलटला. वापरणारा समाजही वास्तूतून आपल्याला हवे ते घेतो व नको ते सोडतो. ती निवड कागदावरील आराखड्यात दिसत नाही, एवढाच फरक.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून सारग्राहित्वाची परीक्षा तीन प्रश्नांनी करता येईल असे दिसते. निवड कोणी केली? ती कोणत्या गरजेसाठी केली? आणि निवडताना काय सोडले? कवळे-मंगेशीच्या देवालयांत ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्वच्छ मिळतात. म्हणूनच तेथील घुमट चर्चच्या कुळातला असूनही देवळाचा आहे. परराष्ट्र कचेरीच्या आराखड्यात दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. जयपूरच्या सुट्या पानांत तिसऱ्याला नाही, कारण तेथे सोडावयाचे असे काहीच ठरविलेले नाही. मुंबईच्या राज्यकर्त्यांनी बांधलेल्या इमारतींत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सदोष आहे. तरी कारागिरांच्या हातांनी आणि विटेटसारख्यांच्या शिस्तीने त्या दोषाची काही अंशी भरपाई केली.

'हे मूळचे कोठले?' ह्या प्रश्नाने इतिहासाचा आरंभ होतो, पण मूल्यमापन होत नाही. ज्या समाजाला आपल्या कलेत परके काहीच नको असते, त्याला अहमदाबादची मशीद, विजापूरचा घुमट आणि मंगेशीचे देवालय ही तिन्ही नाकारावी लागतील. आणि इतके नाकारल्यावर जे शुद्ध म्हणून उरेल, तेही कोणा पूर्वजाने वेचलेलेच निघेल. उलट, जे जे दिसेल ते ते गोळा करणे म्हणजे उदारता, असे समजणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की झोळी भरल्याने मध होत नाही. घेण्याइतकेच सोडण्याचे धैर्य असणे, आणि घेतलेल्याला आपल्या गरजेच्या आचेवर शिजविणे, ह्यालाच सारग्राहित्व म्हणावयाचे. आणि ह्या अर्थाने ते कलेचे वैगुण्य नसून तिच्या जिवंतपणाचे लक्षण होय.